पावसाच्या पाण्याचं बिल

श्टुटगार्टजवळच्या या गावात आम्ही घर घेतलं आणि नगरपालिकेचा लिफाफा आला. आत आमच्या घराचा विमानातून टिपलेला फोटो. छप्पर, अंगणातली फरशी, गाडीची जागा, सगळं चौरस मीटरमध्ये मोजलेलं. एवढ्या जागेवरचं पावसाचं पाणी गटारात जातं, म्हणून त्याचा वर्षाचा आकार. सांडपाण्याचा आकार निराळाच. भंडाऱ्याकडे गावी फोन केला तर दादा म्हणाला, "पावसाचेबी पैसे घेतेत काय वं ते लोकं?"

राग मलाही आला होता. पण कारण वाचलं आणि पटलं. इथे बऱ्याच ठिकाणी सांडपाणी आणि पावसाचं पाणी गटाराच्या एकाच पाइपातून शुद्धीकरण केंद्राकडे जातं. मुसळधार पाऊस आला की पाइप भरतात, साठवण टाक्या भरतात आणि उरलेलं पाणी मैल्यासकट ओढ्यात सोडावं लागतं. तो ओढा पुढे नेकार नदीला मिळतो. म्हणजे नदी घाण होण्यात माझ्या फरशीचाही वाटा आहे. पूर्वी हा खर्च नळाच्या पाण्याच्या वापरावर लावायचे. त्यामुळे मोठं डांबरी पार्किंग असलेलं दुकान थोडक्यात सुटायचं आणि भरल्या घराला भुर्दंड बसायचा. २०१० मध्ये इथल्या राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने दोन्ही आकार वेगळे करायला लावले. आता फरशी काढून गवत उगवेल अशा जाळीच्या विटा बसवल्या की आकार घटतो. सगळं पाणी स्वतःच्या जमिनीत मुरवलं तर तो लागतच नाही. इतका न्याय्य कर मी दुसरा पाहिलेला नाही.

तरी शेजारीण मला पाण्याचं महत्त्व समजावू लागली तेव्हा मी गप्प बसले नाही. आमच्या पूर्व विदर्भात कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले, तेच आजचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कौलांच्या पागोळ्या बाडीत म्हणजे परसात, बाडीचं पाणी वावरात, वावराचं बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात, अशी आमची रीत होती. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हेही तिला ऐकवलं.

नाग नदीचं मात्र सांगवलं नाही. नागपूरची घाण घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते आणि ते सगळं आमच्याकडच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात साचतं. शहर नागपूर जिल्ह्यात, वास आमच्या काठावरच्या गावांना! शहराच्या नावाने मी पुष्कळ बोटं मोडते, पण आमच्या गावानेही तेच चालवलंय. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट रस्ता, कडेला नाली, आणि मोरीचं साबणाचं पाणी थेट बोडीत. त्याच बोडीवर गुरं पाणी पितात. गावात याला विकास म्हणतात, आणि चिखल तुडवत शाळेत गेलेली मी रस्ता नको असं कसं म्हणणार? रस्ता हवाच. फक्त कडेची हातभर माती उघडी ठेवा आणि नाली बोडीला जोडू नका.

दादाचं म्हणणं, आपल्या चिकट मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. खरं आहे. म्हणून खड्ड्याच्या आधी राख, खरकटं आणि गाळ अडवायला छोटी टाकी हवी, आणि ती वरचेवर उपसायला हवी. जागा असेल तिथे मोरीचं पाणी बाडीतल्या केळीला द्यावं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या कामांना निधी ठेवला होता, तो अजून मिळत असेल तर ग्रामपंचायतीने मागावा. आमच्या स्लॅबचा पाइप दादा यंदा रेती-गिट्टीच्या गाळणीतून विहिरीकडे वळवतो आहे. नालीचा विषय तो येत्या ग्रामसभेत मांडणार आहे.