बंद धुराड्याची ओल

इंग्लंडात जुनं घर घेतलं की दोनतीन धुराडी पदरात पडतातच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रांगेतल्या घरांत जवळजवळ प्रत्येक खोलीला आपली शेगडी असे आणि प्रत्येक शेगडीचा धूर भिंतीतल्या वेगळ्या नळीतून वर जाई. छपरावरची मातीची नळकांडी मोजली की घरात किती ठिकाणी कोळसा जळायचा ते रस्त्यावरूनच कळतं. पुढे १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर ते जीवघेणं धुरकं बसलं, १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला, मग उत्तर समुद्रातला गॅस घरोघर पोचला आणि शेगड्या विझल्या. कुणी शेगडीच्या तोंडावर फळी ठोकली, कुणी विटा रचून वरून गिलावा केला. वरचं भोक मात्र आभाळाकडे आ वासून तसंच राहिलं. मँचेस्टरच्या आभाळाकडे, हेही लक्षात घ्या.

आमच्या वरच्या बेडरूममध्ये, धुराड्यापुरती भिंत जिथे पुढे आली आहे तिथे, तपकिरी डाग होता. रंग दिला की नाहीसा व्हायचा आणि थोड्या दिवसांनी कडा रुंदावून परत यायचा. ओल तपासणाऱ्या एका कंपनीचे गृहस्थ आले. दोन सुयांचं यंत्र त्यांनी भिंतीला टोचलं, ते किंचाळलं, आणि निदान झालं: जमिनीतून ओल चढतेय, पायाशी भोकं पाडून रसायन भरायला हवं. अहो, पण डाग पहिल्या मजल्यावर! जमिनीतलं पाणी भिंतीत चढून चढून चढतं साधारण मीटरभर. ते जिना चढून बेडरूममध्ये येत नाही.

यंत्राची बाजू घ्यायची तर ते खोटं बोलत नव्हतं. भिंतीतून वीज किती सहज जाते एवढंच ते मोजतं, आणि भिंतीत क्षार असले तरी वीज सहज जाते. पाणी कुठून आलं हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

खरं निदान चिपळूणहून झालं. व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली तर आई म्हणाली, "अरे, लोणा लागलाय. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसलंच आहे हे." आणि लगेच जेवलास का म्हणून विचारलं, म्हणजे विषय संपला.

तंतोतंत खरं होतं. कोळशाच्या धुरात वाफ असते, गंधक असतं. नळीच्या गार भिंतीवर ते काजळीसकट निथळतं आणि वर्षानुवर्षं विटेत मुरून शेवटी गिलाव्यापर्यंत पोचतं. हा लोणा म्हणजे क्षार, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणून कोरड्या थंडीत डाग आकसतो आणि दमट दिवशी, पावसाचा थेंब पडला नसला तरी, फुलतो. डाग किती ओला आहे यापेक्षा तो कधी ओला होतो हे पाहावं. नैर्ऋत्येचं वादळ होऊन गेल्यावर तासाभरात गडद झाला तर छपराकडे बघा. रात्री खिडक्या बंद ठेवून सकाळी पाणी दिसलं तर ते आपल्याच श्वासाचं आणि अंघोळीचं. शंका असेल तर भिंतीवर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवावा. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतलं, मागे जमलं तर भिंतीतलं.

आमच्याकडे फॉइलमागे पाणी निघालं. परांचीवर चढलेल्या गवंड्यानं वरून फोटो पाठवले: नळकांड्याभोवतीचा गिलावा फुटलेला, छपराच्या सांध्यावरचा शिशाचा पत्रा उचकटलेला, आणि विटांच्या दरजा कुणीतरी सिमेंटनं भरलेल्या. चुन्याच्या दरजेतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं. दरजा पुन्हा चुन्यानं भरल्या, पत्रा नवा बसवला. (काम फार नव्हतं. परांचीचं भाडं कामापेक्षा जास्त.) नळी झाडून घेतली, तेव्हा काजळीबरोबर पक्ष्यांनी भरलेल्या काटक्यांचा ढीग निघाला. पूर्वी असल्या नळ्यांत लहान पोरांना चढवत. ते कायद्यानं खरोखर थांबायला १८७५ साल उजाडलं.

मग सगळ्यात सोपं काम, जे शेगडी बुजवणाऱ्यांनी कधीच केलं नव्हतं. वर पाऊस अडवून हवा जाऊ देणारी टोपी आणि खाली बुजवलेल्या तोंडात एक जाळी. आग होती तोवर तिच्या उष्णतेनं नळी आपोआप कोरडी राहायची. आता निदान वारा तरी खेळायला हवा. प्रत्येक शेगडीची नळी वेगळी, म्हणून प्रत्येकीला वेगळी जाळी.

क्षार मात्र गेले नाहीत. विटेतून ते धुऊन निघत नाहीत. जुना गिलावा खरवडून, क्षार सोसणारा नवा करायचा, पण भिंत वाळल्यावरच. विटेला वाळायला दर इंचाला महिना असा इथला ढोबळ हिशोब आहे आणि आमची भिंत नऊ इंची. तोवर बेडरूममध्ये विटा उघड्या. येणारे पाहुणे "वा, मुद्दाम ठेवल्यात का?" म्हणतात, आम्ही हो म्हणतो.

शेजारच्या आजोबांच्या घराचं धुराडं आमच्याला जोडूनच आहे, म्हणून त्यांना सांगायला गेलो: परांची लागलेलीच आहे, तुमचीही बाजू करून घ्या, खर्च वाटून घेऊ. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे ओल नाही. त्या जागी कपाट आहे."