जळतं, पण संपत नाही

अमेरिकेत घर घेतलं तेव्हा मार्च होता. मागच्या कुंपणालगत सात झुडपं नुसत्या काटक्या होऊन उभी होती. फांद्यांना लांबीभर बुचासारख्या पातळ पट्ट्या, जणू कुणी पुठ्ठा कापून चिकटवलाय. नवऱ्याचं मत, काढून टाकू. मी म्हटलं, एक वर्ष बघू तरी.

ऑक्टोबरात दसऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीकडे फिरवला. आशीर्वाद राहिले बाजूला. "अगो, कोशिंबाला पालवी फुटलीय काय तिकडे?" आमच्या रत्नागिरीकडे शिमग्याच्या सुमारास कोशिंबाचं झाड असंच पेटतं. फक्त त्याची तांबडी पानं कोवळी असतात, मागाहून हिरवी होतात. इथली म्हातारपणी तांबडी होतात आणि गळतात. रंगद्रव्य मात्र एकाच जातीचं, अँथोसायनिन.

झुडपाचं नाव बर्निंग बुश. नावामागची गोष्ट शेजारच्या आजींनी सांगितली (आजी मी मनातल्या मनात म्हणते, समोर नावानेच हाक मारावी लागते, अजून जीभ अडखळते). बायबलातला मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होरेब डोंगराशी आला. तिथे एक झुडूप धडधडून जळत होतं, पण भस्म होत नव्हतं. आतून देवाचा आवाज आला: पायातल्या वहाणा काढ, ही भूमी पवित्र आहे. हे सांगताना आजी आमच्या दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगाकडे बघून हसल्या.

बायबलातल्या झुडपाशी याचं नातं मात्र काही नाही. हे मूळचं चीन, जपान, कोरियाकडचं. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी अमेरिकेत आणलेलं. इजिप्तमधल्या सिनाईत सेंट कॅथरीनचा सहाव्या शतकातला मठ आहे. तिथे मोशेचं म्हणून दाखवतात ते झुडूप ब्लॅकबेरीच्या गोतावळ्यातलं, काटेरी.

गोष्ट संपवून आजींनी हळूच दुसरी बातमी दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये २००९ पासून हे झुडूप विकायला बंदी आहे. नारिंगी-तांबडं बी पक्षी खातात आणि रानात टाकतात. तिथल्या सावलीत ते रुजतं, दाटतं, खालची स्थानिक रोपं दडपतं. सावलीत धड तांबडंही होत नाही, फिक्कं गुलाबी होतं. म्हणजे शोभाही गेली! त्यांच्या ओकखाली मी वाकून पाहिलं तर वीतभर उंचीची पोरं ओळीने उभी. आमचीच.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नोव्हेंबरात नवऱ्याने करवत घेतली आणि सहा झुडपं जमिनीसपाट केली. मे महिन्यात प्रत्येक खुंटातून दहा-दहा धुमारे. आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "नाव उगाच नाही ठेवलेलं." मग उन्हाळाभर शनिवारी कुदळ आणि सब्बल. मुळं खोल नसतात, पण गुंता असा की ओल्या नारळाच्या काथ्यासारखा. ओकखालची पोरं मात्र पावसानंतर दोन बोटांनी अलगद निघतात. ते काम मुलीने आनंदाने केलं, नगाला पाच सेंट घेऊन.

सातवं तसंच आहे. त्याच्या बुडाशी कुठेतरी गॅसची पाइप जाते, आणि इथे खणायच्या आधी ८११ ला फोन करून खुणा करून घ्याव्या लागतात. फोन अजून केलेला नाही. एवढा दसरा होऊन जाऊ दे.