मुडदुशीच्या मागावर: देवबागची नोंद

या हंगामात बाकी मासे बाजूला ठेवून फक्त मुडदुशी गरवायची, म्हणजे गरीने पकडायची, असं ठरवलंय. शास्त्रीय नाव सिलॅगो सिहामा. जागा मालवणजवळच्या देवबागची, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली वाळू. भरतीच्या पाण्याबरोबर मुडदुशी काठाच्या अगदी जवळ चरायला येते, कधी गुडघाभर पाण्यातही. त्यामुळे लांब फेकायची हौस इथे आवरावी लागते.

ओळखीचं काम आता बऱ्यापैकी हातात बसलंय. वाळूवर पडून राहणारे लांबट, गोलसर मासे तिथे बरेच. चोर बोंबील गरीला लागला की क्षणभर फसायला होतं, पण त्याचा जबडा डोळ्याच्या पार मागपर्यंत फाटलेला आणि दातांनी भरलेला. शिवाय शेपटीआधी पाठीवर एक बारीक मांसल पर असतो. खाडीच्या आतल्या अंगाला खरबी लागते. तिला उलटी करायची: पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झालेली दिसते. मुडदुशीचे ते पर वेगवेगळे असतात. तिचं तोंड निमुळतं आणि इवलंसं, कल्ल्याच्या झाकणावर एक आखूड, टोकदार काटा, आणि कुशीवरून बहुतेक वेळा एक रुपेरी पट्टा. पाठीवरचे पर अलगद ताणून मोजले तर पहिल्यात ११ काटे, दुसऱ्यात एक काटा आणि २० ते २३ मऊ काड्या. ओल्या बोटांनी मोजणं कटकटीचं आहे. मोबाइलवर फोटो काढून घरी मोजावं.

आपल्याकडे सिलॅगोच्या जवळच्या जाती आणखी आहेत आणि नुसत्या रंगावरून त्या सुटत नाहीत. अभ्यासक वाताशयाचा, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा, आकार बघतात. म्हणून आता साफ करताना पोट जपून उघडतो. पाठीच्या कण्याखाली चिकटलेली ती पांढुरकी पिशवी मागच्या बाजूला दोन निमुळत्या शेपट्यांसारखी होत जाते, त्यातली एक सहसा जास्त लांब. सुरी जरा खोल गेली की संपलं, काही दिसत नाही. बोटाने सोडवलेली बरी.

आता गरीचं. तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) पातळ, ०.२५ मिमीची. भोकाचं २० ग्रॅमचं शिसं मोकळं सरकतं ठेवलंय, म्हणजे माशाला वजन जाणवत नाही. गरी १० नंबरची, लांब दांड्याची. एवढ्याशा तोंडातून सोडवायला तीच सोयीची. आमिषाला सोललेल्या सुंगटाचा (कोळंबीचा) काडेपेटीच्या काडीएवढा तुकडा. ओहोटीला ओल्या वाळूत मिळणारे किडे त्याहून सरस, गरीवर टिकतातही जास्त. पण खणण्यात अर्धी सकाळ जाते.

सगळ्यात फरक पडला तो शिसं हळूहळू ओढत आणल्याने. तळाची वाळू थोडी ढवळली की मुडदुशी बघायला येते. मग टक, टक. शेजारी पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन उभे असलेले आबा दर वेळी म्हणतात, "वायंच थांब रे, गिळूंदे तेका." मासा हमखास लागतो, हे खरं. पण गरी घशात गेली की सोडलेली छोटी मुडदुशी जगण्याची शक्यता कमी होते. मी १५ सेंटीमीटरच्या आतली परत सोडतो, म्हणून दुसऱ्या टकीलाच मनगट उचलतो. काही सुटतात. सुटू देत.

आबांकडून एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. घाबरली की ही वाळूत घुसते. जाळं वरून निघून जातं, ती खालीच. आबा पाण्यात पाय घासत चालतात आणि तळव्याखाली वळवळ लागली की तिथेच दाबून धरतात. मला अजून जमत नाही, आणि शेंगटी माशाच्या विषारी काट्याची धास्ती असल्याने फारसा जोरही लावत नाही.

भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते, दिवस चांगले जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ एवढी असते की २० ग्रॅमचं शिसं तळाला ठरतच नाही, आणि दोन ओढींत गरीवर शेवाळ. जड शिसं लावलं तर टक कळत नाही. येत्या अमावास्येला मुखाऐवजी खाडीच्या आत, वाळूच्या पट्ट्याआडच्या संथ पाण्यात बसणार आहे. तिथे केंडांचा (अंग फुगवणाऱ्या माशांचा) त्रास असतो, तंगूस कुरतडून गरी घेऊन जातात. तेव्हा गऱ्या जास्तीच्या बांधून ठेवल्यात.