लाल बावटा की वाशीची पट्टी? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे राहायला येणारे पाहुणे, भाचरं, हल्ली मुलाच्या कॉलेजातले मित्रसुद्धा, सगळे फिरूनफिरून एकच विचारतात. काकी, भिंतीवर आजोबांचा लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचा, बिल्ला फ्रेम करून लावलाय आणि तुम्ही तर खोल्या भाड्याने देता, हापूस विकता, मग तुमच्या मते नैतिक काय, भांडवलशाही की साम्यवाद? विचारतात ते सोलकढी पिता पिता, म्हणजे उत्तर वाटी रिकामी व्हायच्या आत हवं असतं. तसं ते मला जमत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सावकाश लिहिते.

मालकी कोणाची यावरून मी नीती ठरवत नाही. सगळ्यात खालच्या माणसाला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर त्याच्या घरची चूल पेटते का, एवढंच बघते.

हे कळायला कोकणातल्या माणसाला मार्क्स लागत नाही, खोत पुरतो. सरकार आणि कूळ यांच्या मधला सारा वसूल करणारा माणूस, तो हळूहळू धनीच होऊन बसला, कुळाने राबायचं, पिकाचा मोठा हिस्सा त्याला घालायचा आणि वर फुकटची वेठ. नाही म्हणालात तर जमीन गेली. शिकलेला माणूस लगेच म्हणेल काकी ही सरंजामशाही, भांडवलशाही नव्हे. असेल बाबा, पण कागद होते, कबुलायत होती, कोर्टही होतं. दोघांच्या राजीखुशीने झालेला व्यवहार म्हणजे नैतिक असं जे छातीठोक सांगतात त्यांनी ती राजीखुशी कुळाच्या बाजूने एकदा बघावी.

मग १९३३ ला अलिबाग तालुक्यात चरी गावच्या आणि आसपासच्या कुळांनी, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. नांगर बंद. हा संप १९३९ पर्यंत चालला! सहा वर्षं शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांसमोर जमीन ओस पडू द्यायची म्हणजे काय हे ज्याने पेरणी केलीय त्यालाच कळेल. बाबासाहेबांनी (मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे आपलेच) १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कम्युनिस्टही बरोबर होते. कायद्याने खोती गेली ती मात्र १९४९ च्या कायद्याने.

आता इथवर आलं की आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, जुने लाल बावटेवाले दोस्त खूश होतात, म्हणून पुढची गोष्ट मुद्दाम सांगते. चीनमध्ये आन्हुई प्रांतात शियाओगांग नावाचं गाव आहे. तिथे खोत नव्हता, जमीन कम्यूनची म्हणजे सगळ्यांची, आणि लोक उपाशी. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात त्या देशात कोट्यवधी माणसं मेली. १९७८ च्या अखेरीला तिथल्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर सह्या-अंगठे केले, की जमीन घराघरात वाटून घ्यायची, सरकारचा कोटा भरायचा आणि उरेल ते आपलं, आणि यासाठी कोणाला तुरुंगात टाकलं तर त्याची पोरं बाकीच्यांनी वाढवायची. म्हणजे बघा, चरीचा शेतकरी मालकाला नाही म्हणाला आणि शियाओगांगचा शेतकरी सगळ्यांच्या नावाने चालणाऱ्या मालकीला नाही म्हणाला, मला हे दोघं एकाच गावचे वाटतात. रशियात तर सामुदायिक शेतावरच्या बहुतेक माणसांना १९७४ पर्यंत देशातल्या देशात फिरायचा पासपोर्टसुद्धा हक्काने मिळत नव्हता, गाव सोडायची सोय नाही, मग त्याला वेठ नाही तर काय म्हणायचं?

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केलं, निधनाच्या काही दिवस आधी. गरिबाचं शोषण थांबावं हे दोघांनाही हवं होतं, पण मार्क्सवाद्यांची हिंसा आणि हुकूमशाहीची वाट बाबासाहेबांना मान्य नव्हती. मला वाटतं त्यांनी दोन्हीकडचं जवळून बघितलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे पगार बरा, तिथे अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. गिरणीमालक भांडवलदार होतेच, पण शेजारच्या मागावरचा लाल बावटेवाला कामगारही त्या दोऱ्याबाबतीत काही क्रांतिकारक नव्हता.

आणि तरी हेही खरं की गिरणी नसती तर खोताला पाठ दाखवायची हिंमत कितीजणांना झाली असती? मुंबईहून मनीऑर्डर आली की गावातला माणूस जरा ताठ चालायचा. भांडवलशाहीचं हे देणं मी नाकारत नाही. आमच्या आबांनी परळच्या चाळीत दहाबाय दहाच्या खोलीत कितीतरी माणसांबरोबर दिवस काढले, पण गावच्या कोणापुढे वाकले नाहीत.

१९८२ चा गिरणी संप. १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार. आबा मनाने लाल बावट्याचे, पण तेव्हा गेले संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे. हजारो माणसं गावाला परतली, आमच्याकडेही आबा आले. आणि मग घर कशावर चाललं? सासूबाईंच्या भातावर, नाचणीवर, काजू फोडायला जाऊन आणलेल्या पैशांवर. आबांचं नाही म्हणणं उभं राहिलं ते सासूबाईंच्या पाठीवर, आणि हे संपाच्या कुठल्या सभेत कोणी बोललेलं मला तरी माहीत नाही. मी एकदा आबांना तसं म्हटलं तर म्हणाले, "तां खरा, पण तुझी सासू युनियनची मेंबर खंय होती?" आता काय बोलणार. संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच नाही, नुसता विरला, आणि गिरण्यांच्या जागेवर टॉवर झाले.

समुद्राचंही तेच. रापण तुम्ही पाहिली असेल, फोटोबिटो काढले असतील. ज्याच्यात्याच्या जाळ्याचे तुकडे जोडून एक लांब जाळं, दोन बाजूंनी किनाऱ्यावरून ओढायचं, मिळेल त्याचे वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. ना सरकारी ना शेठची, आणि भांडणं भरपूर, त्याचे उगाच गोडवे गायला नकोत. मग पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेर-जाळ्याच्या बोटीवाले, आले, माशांचा अख्खा थवाच घेरून उचलायचा, रापणवाल्यांना रिकामं जाळं. मालवणात त्यावरून मोठी भांडणं झाली, २०१६ ला सरकारने निर्बंध आणले, पाळले किती ते समुद्राला विचारा. यावर कोणी म्हणेल नफ्याची हाव, सरकारी मालकी असती तर असं झालं नसतं. तर सोव्हिएत व्हेलशिकारी सरकारीच होते. महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत त्यांनी दक्षिण गोलार्धात ४८ हजारांवर हंपबॅक जातीचे व्हेल मारले आणि आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाला कळवले २,७१०. तिथे नफ्याचा प्रश्न नव्हता, प्लॅनचा आकडा भरायचा होता. बोटीवरच्या ज्या शास्त्रज्ञांना खरे आकडे ठाऊक होते त्यांना बोलायची सोय नव्हती.

राहिला माझा धंदा. खोल्यांचं सोपं आहे, माझी खोली आवडली नाही तर पाहुणा शेजारी जातो, मला गोड बोलावंच लागतं, हा बाजार मला मान्य आहे. आंब्याचं तसं नाही. पावसाळ्यात खतापाण्याला, फवारणीला हात रिकामा असतो, वाशीच्या घाऊक बाजारातला दलाल आगाऊ रक्कम देतो, आणि मग माल त्यालाच घालायचा. भाव तिकडे ठरतो, भाडं-हमाली वजा होऊन पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, येते, ती बघायची आणि पिशवीत ठेवायची. कागदावर मी बागायतदार, पण दुसऱ्याकडे पेटी पाठवायची म्हटली तर आधीचं फेडा. हे खोताचंच जरा धुतलेलं रूप आहे असं मी म्हटलं की आमचे हे म्हणतात जास्त होतंय. होऊ दे. आता काही पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवते, सगळ्या नाही जमत.

आणि बागेत सिझनला दोन नेपाळी असतात, राखण करायला, आंबा उतरवायला. त्यांच्यासाठी दलाल मीच की. घरी पाठवायला आगाऊ मागतात, मी देते, पण फिटेपर्यंत हलायचं नाही अशी अट घालत नाही. शेजारी म्हणतात पळतील, काकी वेडी आहे. एक गेलाही, ऐन उतरवणीत, पैसे बुडाले, मी बरेच दिवस घरात सगळ्यांवर चिडचिड केली. अट अजून घातलेली नाही.