दोरीच्या आत, दोरीच्या बाहेर

कोल्हापुरात आमच्या पेठेतील मंडळात अनंत चतुर्दशीची कामे ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे वाटली जात. ज्यांना लेझीम जमत नसे, ढोल पेलत नसे आणि ‘मोरया’ची आरोळी देताना ज्यांचा आवाज फाटत असे, त्यांच्या हाती गर्दी थोपवायची, मिरवणुकीभोवतीची दोरी येई. मी ओळीने सहा वर्षे दोरी धरली, यावरून माझ्या कलागुणांची कल्पना यावी.

मिरजकर तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिरापर्यंत ही दोरी थोडीफार दोरीसारखी वागत असे. महाद्वार रोडला लागलो की तिचा धर्म बदले. दुकानांच्या पायऱ्यांवर, माडीच्या सज्जांत आणि अंबाबाईच्या महाद्वारापुढे माणसे दाटीवाटीने उभी असत. उरलेल्या चिंचोळ्या वाटेने आमची ट्रॉली, पुढचे ढोल आणि मागच्या मंडळाची घाई यांना एकदमच जायचे असे. आतले बाहेर रेटत, बाहेरचे आत घुसत आणि दोरी धरणाऱ्याची गत शेताच्या बांधासारखी होई : दोन्ही शेजारी त्यालाच कोरत.

अशाच एका वर्षी कडेच्या मावशींनी, ‘बाळा, वाईच ह्याला धर, चेंगरंल,’ म्हणत आपला नातू माझ्या खांद्यावर बसवला. हात दोरीत अडकलेले, त्यामुळे नकार कोणत्या हाताने देणार? चिरंजीवांनी माझे केस लगामासारखे धरले आणि पापाची तिकटी येईपर्यंत चुरमुरे खात सारी मिरवणूक पाहिली. त्यांतले निम्मे माझ्या सदऱ्यात गेले. मावशी दहा पावलांवरून अधूनमधून ओरडून विचारत, ‘रडतोय काय रं?’ तो रडत नव्हता. माझ्याबद्दल त्यांनी विचारले नाही.

चपलांविषयी तर बोलायलाच नको. नवी, करकर वाजणारी कोल्हापुरी घालून मिरवणुकीत येणे हा पहिल्या वर्षीचा भाबडेपणा. तिच्यावर मागच्याचा पाय पडला की ती गेलीच. वाकून शोधावी, तर वाकायला जागा लागते. मी पायानेच चाचपडत जी सापडली ती घातली. उजाडल्यावर पंचगंगेच्या घाटावर पाहिले, तर माझ्या दोन्ही पायांत डाव्या पायाच्याच चपला होत्या आणि त्यांतली एक बाईमाणसाची होती.

आता बहुतेक मोठ्या मूर्ती विसर्जनाला इराणी खाणीकडे, म्हणजे पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीकडे जातात. त्या वर्षी मात्र विसर्जन घाटावरच झाले आणि परतताना आम्ही आठदहा जण गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबलो. म्हशीची धार थेट पेल्यात पडत होती, रस्ता झाडल्यासारखा मोकळा होता आणि तरीही आम्ही एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत, एकाच फरशीवर उभे होतो. गवळीतात्या बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘पोरानू, दोरी सोडा की आता.’

ती खरोखरच माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती.