तुम्ही विचारलंत म्हणून: ही लय द्रुत की विलंबित?

घरी कुणी आलं आणि मी गिटारवर तार्रेगा या स्पॅनिश संगीतकाराची ‘रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा’ ही रचना वाजवली की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, “दुसरी गिटार कोण वाजवतंय?” कुणी नाही, मी एकटीच. मग खरे प्रश्न. परवा समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी ते एका दमात विचारले. काका हार्मोनियम वाजवतात, त्यामुळे भाषाही त्यांचीच: “पट्टी कुठली? लय द्रुत ना? आणि हे रडकं आहे की आनंदी?” चहा निवत होता, म्हणून तेव्हा थोडक्यात आटोपलं. आता सविस्तर सांगते.

आधी लय, कारण सगळे फसतात ते तिथेच. ही रचना द्रुत नाही. स्वरलिपीवर लिहिलेलं असतं ‘अंदान्ते’, म्हणजे चालण्याची लय, तीन मात्रांची. धावतात ती फक्त बोटं. आधी अंगठा खालच्या, म्हणजे खर्जाच्या, तारांवर एक स्वर वाजवतो, मग अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी वरच्या एकाच तारेवर एकामागून एक तोच स्वर छेडतात. अंगठा, तीन बोटं, पुन्हा अंगठा. एका मात्रेत हे चक्र दोनदा होतं, म्हणजे मात्रेला आठ आघात आणि तीन मात्रांच्या एका आवर्तनाला चोवीस. ठेका देणारा मेट्रोनोम साठावर, म्हणजे मिनिटाला साठ मात्रांवर, ठेवला तरी सेकंदाला आठ आघात. ऐकणारा ते आठ मोजायला जातो आणि म्हणतो, बापरे, काय स्पीड! पण चाल त्या आठांत नाहीच. वरचा स्वर कधी कधी अख्खी मात्रा, कधी त्याहून जास्त तिथेच उभा असतो.

हा खटाटोप कशासाठी? गिटारची तार छेडली की स्वर लगेच विरायला लागतो. व्हायोलिनसारखा गज नाही, बासरीसारखा श्वास नाही. म्हणून एकच स्वर इतक्या भराभर वाजवायचा की कानाला तो सलग वाटावा. संतूरवाले कलमांनी हेच करतात. याला ट्रेमोलो म्हणतात. फसला की लगेच कळतं, घोडा दुडक्या चालीने चालल्यासारखा वाजतो: टक्‌-टटट, टक्‌-टटट. दोष बहुतेक वेळा अनामिकेचा, ती आळशी. मी रात्री तारांखाली, ब्रिजजवळ, रुमाल खुपसून सराव करते, म्हणजे घरच्यांची झोप मोडत नाही. तरी आई एकदा उठून आली आणि म्हणाली, “पंख्यात काही अडकलंय का गं?”

आता पट्टी. काका, तुमच्या भाषेत पांढरी सहा, पाश्चात्त्य नावाने ए. ही पट्टी वाद्यानेच निवडल्यासारखी आहे. गिटारच्या खालच्या तीन तारा मोकळ्या छेडल्या तर ई, ए आणि डी मिळतात. ए ला सा मानलं तर हेच पंचम, षड्ज आणि मध्यम. म्हणजे आधाराचे तिन्ही स्वर डाव्या हाताला न अडकवता घुमत राहतात, आणि डावा हात वरच्या चालीसाठी मोकळा. हीच रचना अर्ध्या स्वराने वर वाजवून बघा, कळेल.

सुरुवात ए मायनरमध्ये. गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद बऱ्याचदा शुद्ध. किरवाणी ऐकणाऱ्याला हे स्वर ओळखीचे वाटतील, पण राग शोधू नका, खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, बदलत असतात. आणि मग मध्यावर सा तिथेच ठेवून रचना ए मेजरमध्ये जाते. गंधार शुद्ध, धैवत शुद्ध. बोटांचं चक्र तेच, लय तीच. नंतर मायनर पुन्हा येतं, पण शेवट मेजरमध्ये होतो.

म्हणजे आनंदी का? माझं मत विचाराल तर नाही. नावाचा अर्थच ‘अलाम्ब्राच्या आठवणी’. स्पेनमधल्या ग्रानादाचा हा महाल नासरी सुलतानांनी बांधला आणि १४९२ मध्ये तो त्यांच्या हातून गेला. तार्रेगाही स्पेनचाच, पण विलारेआलचा, १८५२ चा जन्म. ही रचना एकोणिसावं शतक संपता संपताची. (त्याला तुम्ही ऐकलंय. नोकियाच्या फोनची ती ट्यून त्याच्याच ‘ग्रान व्हाल्स’मधली.) शुद्ध गंधार आला की कित्येक वादक लय वाढवतात, आवाज चढवतात, जणू ढग हटले. मला ते पटत नाही. मला तिथे जुना फोटो हातात घेतल्यासारखं वाटतं: फोटोतली माणसं हसतायत, बघणारा हसेलच असं नाही.

ट्रेमोलो म्हणजे अलाम्ब्रातली कारंजी, असं सगळे सांगतात. तार्रेगाच्या मनात काय होतं कोण जाणे. पण तिथल्या खेनेरालिफे बागेत एक जिना आहे, त्याच्या दोन्ही कठड्यांवर पन्हळी कोरल्यात आणि त्यांतून पाणी वाहतं. आम्ही गेलो होतो तेव्हा मी त्यात बोटं घातली. पाणी चांगलंच जोरात धावत होतं, पण दोन पायऱ्या वर जाऊन ऐकलं तर एक सलग, संथ आवाज.

काकांना पुढच्या वेळी एवढंच सांगणार आहे: माझ्या तीन बोटांकडे बघू नका, अंगठ्यावर ठेका धरा.

राहिला माझ्या स्पीडचा प्रश्न, तोही विचारता म्हणून: मेट्रोनोमवर सहासष्ट. दर हिवाळ्यात बहात्तरपर्यंत न्यायचं ठरवते. मग मटार स्वस्त होतात, आई पाच किलो आणते, आणि सोलता सोलता अनामिकेचं नख तुटतं.