मीथमधलं सतरा मिनिटांचं ऊन

“आता दिवे मालवते हं, कुणी हलू नका,” गाईड म्हणाली आणि डोळ्यांपुढे नुसता काळोख उरला. हिने माझं मनगट घट्ट धरलं. थोड्या वेळाने समोरच्या बोळातून जमिनीवर एक केशरी रेघ सरकत आली. आधी सुतळीएवढी, मग हळूहळू रुंद होत थेट आमच्या पायांशी. “अहो, हा तर किरणोत्सव!” ही पुटपुटली.

हिचं माहेर कोल्हापूरचं. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून चढत मुखापर्यंत कशी जातात, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तोच सूर्य आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या अश्मयुगीन समाधीच्या दगडी गाभाऱ्यात असा भेटेल, असं तिला वाटलं नव्हतं. इथे फक्त सूर्य उगवतीचा.

आमची लेक डब्लिनला नोकरी करते. तिच्याकडे गेलो तेव्हा मीथला जायचं हे मी आधीच ठरवलं होतं. डब्लिनपासून गाडीने तासाभराची वाट. मीथ ही काउंटी, म्हणजे साधारण आपला जिल्हा. आयरिश भाषेतल्या याच्या नावाचा अर्थ ‘मधला’. आयर्लंडच्या राजांचं मानाचं ठिकाण, टारा टेकडी, इथे असल्यामुळे मीथला ‘रॉयल काउंटी’ म्हणतात.

न्यूग्रेंजला थेट जाता येत नाही. बॉइन नदीकाठच्या केंद्रात तिकीट काढायचं, पूल ओलांडायचा आणि छोट्या बसने वर जायचं. समोर दिसतो तो एकरभर जागेवर पसरलेला, गवताने झाकलेला घुमट. ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमाराचा, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुना. बांधणारे शेतकरी होते. धातू त्यांना ठाऊक नव्हता, दगडाने दगड कोरायचा. पायथ्याभोवती ९७ प्रचंड शिळा आहेत. दारापुढच्या शिळेवर एकात एक गुंतलेली वळणं कोरली आहेत. तिथे मी इतका वेळ रेंगाळलो की लेकीला हाक मारावी लागली. दर्शनी बाजूची पांढऱ्या गारगोट्यांची भिंत मात्र विसाव्या शतकात उत्खननानंतर पुन्हा उभारलेली. मूळची ती अशीच होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला ती फार कोरी वाटली. माझं मन त्या शिळांवरच राहिलं.

आत जायचा बोळ १९ मीटरांचा. पिशव्या पोटाशी धरून, कुठे वाकून, कुठे आडवं होऊन सरकायचं. दोन्ही बाजूंचे दगड खांद्यांना लागतात. पुढे गाभारा लागतो आणि मान वर जाते. एकावर एक थोडे थोडे पुढे सरकवत रचलेले दगड सहा मीटर उंचीवर मिटतात. चुना नाही, गारा नाही. फटींत जळकी माती आणि समुद्राची वाळू ठासली आहे, वरच्या दगडांना पाणी वाहून जायला खाचा पाडल्या आहेत. पाच हजार वर्षांच्या आयरिश पावसात हे छत गळलेलं नाही. मी तळवा टेकवला तो दगड गार होता, पण कोरडा.

खरी कमाल दाराच्या वर आहे. तिथे एक छोटा झरोका ठेवला आहे. बोळाची जमीन चढत जाते आणि गाभाऱ्याची जमीन बरोबर त्या झरोक्याच्या उंचीला येते. म्हणून डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी आणि त्याच्या आगेमागे, उगवत्या सूर्याची तिरीप झरोक्यातून गाभाऱ्यापर्यंत पोचते. सतरा मिनिटं थांबते आणि मागे फिरते. सूर्य आत येतो, असं गावकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत. उत्खनन करणाऱ्या प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनी ते मनावर घेतलं. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत जाऊन बसले आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. आम्ही पाहिलं ते दिव्याचं ऊन. खऱ्या उन्हासाठी सोडत निघते, हजारो अर्ज येतात. बाहेर आल्याआल्या हिने आपलंही नाव द्यायला लावलं.

दुपारी टाराला थांबलो. वाऱ्याने उभं राहवेना. तिथला ‘लिया फॉल’ नावाचा दगड खऱ्या राजाचा स्पर्श झाला की गर्जना करी, अशी कथा आहे. याच टेकडीवर १५ ऑगस्ट १८४३ ला आयरिश पुढारी डॅनियल ओ’कॉनेल यांची इंग्रजांविरुद्ध विराट सभा झाली. साडेसात लाख माणूस जमला होता असा अंदाज सांगतात. तारीख वाचून आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

शेवटी ट्रिम. ह्यू द लेसी या नॉर्मन सरदाराने बाराव्या शतकात बांधायला घेतलेला किल्ला, आयर्लंडमधला सर्वांत मोठा अँग्लो-नॉर्मन किल्ला. मधला बुरूज वीस कोनांचा. बॉइनच्या पलीकडून तो फार देखणा दिसतो. पण मी गावात शिरलो ते एका खांबासाठी.

हा खांब मीथच्या लोकांनी १८१७ साली वर्गणी काढून उभारला. वर पुतळा आहे ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, म्हणजे आर्थर वेलस्लीचा. त्याचं बालपण इथून जवळच डँगनच्या घरात गेलं, आणि १७९० मध्ये तो ट्रिममधूनच आयरिश पार्लमेंटवर निवडून गेला. मी जालन्याचा. आमच्याकडे या माणसाचं नाव असईच्या लढाईबरोबर येतं. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा त्याने पराभव केला. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. वेलस्लीचीही दीड हजारांवर माणसं पडली किंवा जायबंदी झाली. आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर त्याने नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेतलं म्हणतात.

मान वर करून मी बराच वेळ उभा होतो. राग म्हणावा तर तो नव्हता. त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला येत नाही, हे मात्र छातीत रुतून बसलं.

“बाबा, असई आपल्या घरापासून किती लांब?” लेकीने विचारलं.

“सकाळी निघालो तर दुपारी जेवायला घरी.”

“मला कधी नेलं नाहीत.”

खरंच नेलं नव्हतं. डिसेंबरात ती सुट्टीवर येणार आहे. तेव्हा केळणेच्या काठावर जायचं, असं तिथेच खांबाखाली ठरलं.